दोन लाख घेऊन सही करू का?

प्रश्न : गंगापूर तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. जवळच्या एका कारखान्याचं रसायनाचं पाणी रात्री टँकरने नाल्यात सोडतात. तीन पावसाळे झाले, विहिरीला पिवळं पाणी येतंय आणि नाल्याकडच्या एकरभर रानात कापूस उगवत नाही. तोंडी तक्रारी करून थकलो. आता कारखान्याचा ठेकेदार दोन लाख देतो म्हणतोय, पण ‘यापुढे कसलीही तक्रार नाही’ असं पाचशेच्या बाँडवर लिहून मागतोय. ताई, घ्यावेत का?

उत्तर : भाऊ, त्या बाँडवर सही करू नका. घरात पैशांची किती नड असेल ते मी समजू शकते. पण दोन लाखांत फार तर बुडालेल्या कापसाचा हिशेब होईल. रान आणि विहीर साफ कोण करून देणार? पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा कायदा आहे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१०. त्याच्या कलम १५ खाली तीन गोष्टी मागता येतात : नुकसानभरपाई, बिघडलेली मालमत्ता पूर्ववत करून मिळणं आणि तिथलं पर्यावरण पूर्ववत होणं. बहुतेक शेतकरी पहिलीच मागतात आणि नासलेलं रान तसंच राहतं. तुम्ही तिन्ही मागा. सही केलीत तरी प्रदूषण मंडळाला कारवाई करता येते, पण तुमच्या दाव्यात तो बाँड सगळ्यात आधी तुमच्याविरुद्ध पुढे येईल.

मुदत नीट लक्षात घ्या. पर्यावरणाच्या इतर वादांसाठी असलेल्या कलम १४ खालचे सहा महिने केव्हाच गेले. कलम १५ ला पाच वर्षं मिळतात आणि ती नुकसान पहिल्यांदा झालं तेव्हापासून मोजतात. सबळ कारण असेल तर वर आणखी ६० दिवस. म्हणजे तुमचा दावा जिवंत आहे, पण पुढच्या हंगामावर ढकलू नका.

खरी लढाई पुराव्याची आहे. घातक रसायनाचा धंदा करणाऱ्याला ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात सांगितलं. तिथेही विहिरींचं पाणीच रंगलं होतं. पण विहिरीत आलेलं रसायन याच कारखान्याचं आहे, हे तुम्हाला दाखवावं लागेल. आपल्याकडे काळ्या मातीखाली बेसॉल्टचा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांतून वाट काढतं. त्यामुळे ‘नाल्याचं पाणी तुमच्या विहिरीत कसं येईल?’ हा प्रश्न हमखास विचारला जाईल. त्यावर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचं मत लेखी घ्या.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. विहीर, नाला आणि कारखान्याचं सांडपाणी, तिन्हींचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत, असं त्यात स्पष्ट लिहा. पावसाळ्यात पाणी पातळ होतं, म्हणून उन्हाळ्यात पुन्हा नमुना घ्यायला लावा. मातीची तपासणी करताना एक चूक सर्रास होते. नेहमीच्या अहवालात सामू, क्षार, नत्र, स्फुरद, पालाश एवढंच येतं. क्रोमियम, शिसं यांसारखे जड धातू वेगळे मागावे लागतात. तलाठ्याकडून पिकाचा पंचनामा करून घ्या आणि तीन वर्षांची ई-पीक पाहणीची नोंद काढा. रात्री टँकर दिसला तर नंबरासह फोटो घ्या, ११२ वर कळवा. एकट्याने टँकर अडवायला मात्र जाऊ नका.

माहिती अधिकारात प्रदूषण मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र मागा. सांडपाणी किती आणि कुठे सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. संमतीपत्रात सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात (अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र साफ करतात तिथे) पाठवायचं लिहिलंय आणि टँकर मात्र नाल्यावर, असं निघालं तर निम्मं काम झालं.

जिल्हाधिकाऱ्यांनाही एक अर्ज द्या. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. त्यांत संशयित जागा कळवण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आणि स्थानिक संस्थेवर आहे, आणि दूषित ठरलेली जागा साफ करण्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा आहे. ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

दावा हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय खंडपीठात दाखल होईल. भरपाई मागितली तर मागणीच्या एक टक्का शुल्क, किमान हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते माफ आहे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बिछडीचा निकाल १९९६ चा, पण वसुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. म्हणून साफसफाईची रक्कम आधीच जमा करून घ्यावी, ही अंतरिम (निकालाआधीच्या आदेशाची) मागणी पहिल्याच अर्जात करा. पिण्याच्या पाण्याचीही करा. तोवर त्या विहिरीचं पाणी माणसांना नको आणि जनावरांनाही नको.

ठेकेदाराला एवढंच सांगा : पैसे द्यायचे असतील तर कारखान्याच्या खात्यावरच्या चेकने द्या, कसलीही अट न घालता, आणि सोबत ‘सांडपाण्यामुळे झालेल्या पीकनुकसानीपोटी’ असं पत्र द्या. तसं पत्र दिलं, तर त्याची झेरॉक्स दाव्याला जोडा.