वय 69, मनात पंचावन्न

साठी ओलांडलेल्या माणसांना स्वतःचे वय किती वाटते आणि ते कमी वाटत असल्यास ती स्वतःची फसवणूक आहे का, असे आपण विचारले आहे. मी साताऱ्यात राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आहे. माझे वय 69 आहे आणि मनातून मी साधारण पंचावन्न वर्षांची आहे. ही फसवणूक आहे असे मला मुळीच वाटत नाही.

डेव्हिड रुबिन आणि डोर्थे बर्न्टसन या मानसशास्त्रज्ञांनी डेन्मार्कमधील 20 ते 97 वयाच्या 1,470 लोकांना हेच विचारले होते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पंचविशीच्या आतल्यांना आपण आहोत त्याहून मोठे वाटतो, तर चाळिशीनंतर माणसाला आपले वय सुमारे 20 टक्क्यांनी कमी वाटते. म्हणजे पन्नाशीत दहा वर्षांचा फरक सत्तरीत चौदा वर्षांचा होतो. मी 69 चे 80 टक्के काढून पाहिले, तेव्हा उत्तर 55 आले.

आपल्याकडे मोजलेल्या वयाचे सोहळे होतात. माझ्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन झाले (हजार पौर्णिमा व्हायला सुमारे 80 वर्षे 10 महिने लागतात), तेव्हा त्यांना दिव्यांनी ओवाळत असताना त्या मला हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं वाटतंय.’’ त्यांची बुद्धी शेवटपर्यंत लख्ख होती आणि आपण किती वर्षांच्या आहोत हे त्यांना नेमके ठाऊक होते. फक्त त्या आकड्यात त्यांना स्वतःची ओळख पटत नव्हती. माझेही आता तसेच झाले आहे.

मात्र हे मनातले वय दिवसभर एकसारखे राहत नाही, आणि ते वाढवण्यात इतरांचा हात मोठा असतो. मध्यंतरी एका कार्यालयात माझ्याच कामासाठी गेले असता समोरच्या माणसाने माझ्याकडे न पाहता माझ्या मुलाला विचारले, ‘‘आजींना सही करता येते का?’’ नातीने आजी म्हटले की मला बरे वाटते, पण त्या क्षणी मी एकदम ऐंशीची झाले आणि घरी येईपर्यंत तशीच राहिले. ज्येष्ठांशी बोलताना त्यांच्याकडे पाहून बोलावे, एवढे मात्र मला सर्वांना कळकळीने सांगायचे आहे.

कारण या जाणिवेचा प्रकृतीशीही संबंध दिसतो. इंग्लंडमधील एका अभ्यासात सरासरी 65.8 वर्षांच्या सुमारे साडेसहा हजार लोकांना स्वतःचे वय सरासरी 56.8 वाटत होते. पुढील सुमारे आठ वर्षांत स्वतःला तरुण समजणाऱ्यांपैकी 14.3 टक्के, तर खऱ्या वयापेक्षा म्हातारे समजणाऱ्यांपैकी 24.6 टक्के लोक मरण पावले. आजारी माणसाला आपण थकलो आहोत असे वाटणारच, त्यामुळे यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सरळ ठरवता येत नाही. परंतु आजारपणाचा हिशेब धरूनही काही फरक उरलाच होता.

गुडघ्यांना मात्र माझे खरे वय पाठ आहे. पहाटे अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळाकडे जाताना मी पंचावन्नची असते, परतीच्या उतारावर पुरती 69 ची. म्हणून डॉक्टरांना मी मनातले वय सांगत नाही, पावसाळ्यात निसरड्या वाटेने गडावर जात नाही, आणि एरवी काठी सोबत नेते. चढताना ती काखेत असते, उतरताना हातात.