रात्री तीनदा उठणं आणि कागदावरचा चौथा रकाना

समुपदेशनाला पहिल्यांदा काकू एकट्याच आल्या. "हे हल्ली कुठंच येत नाहीत. संध्याकाळचा कट्टा बंद, देवळात जाणं बंद, पुतणीच्या लग्नालाही नाही म्हणाले. विचारलं की म्हणतात, आता उतरण लागली. मनाचं काही असेल का हो?"

काका ७३ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पुढच्या आठवड्यात ते आले खरे, पण काकूंसमोर "काही नाही, वयाचं आहे" याच्या पुढे गाडी सरकेना. काकूंना बाहेर बसायला सांगितलं आणि पाच मिनिटांत अकरा तक्रारी निघाल्या. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, पहाटे पोटरीत गोळे, डावा कान बंद, अंगाला खाज, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, उठताना गरगरणं, पायाची जाड झालेली नखं, गुडघ्यांची कुरकुर, संध्याकाळी घोट्यावर सूज, आणि ओळखीच्या माणसाचं नाव पटकन न आठवणं.

"डॉक्टर म्हणतात, वयोमानानुसार आहे. मग सोसायचं, की दर वेळी जाऊन तेच सांगायचं? आणि लघवीचा विषय सुनेसमोर कसा काढायचा?"

हा प्रश्न आमच्याकडे फार वेळा येतो. 'वयोमानानुसार' या शब्दातून एवढंच कळतं की ही तक्रार या वयात पुष्कळांना असते. तिचं कारण त्यातून कळत नाही, आणि तिला उपाय नाही असाही त्याचा अर्थ नाही.

काकूंची शंका आधी तपासली. वार्धक्यातल्या नैराश्याची १५ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. काकांचे ४ गुण आले. ५ किंवा अधिक आले असते तर खोलात जावं लागलं असतं. भूक ठीक होती, वर्तमानपत्र रोज वाचून व्हायचं, नातवाचा गणिताचा अभ्यासही ते आवडीनं घेत होते. घरात बसून करण्याच्या गोष्टींमधला रस शाबूत होता, फक्त घराबाहेरच्या गोष्टी सुटल्या होत्या. (आवडीच्या सगळ्याच गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला असेल, तर शरीराच्या तक्रारींवर बोट ठेवून थांबू नये.)

मग एका कागदावर चार रकाने आखले. काय होतं, केव्हा होतं, कधीपासून होतं, आणि त्यामुळे काय सोडलं. अकरा तक्रारींपैकी चौथा रकाना भरला तो तिघींपुढेच. लघवीमुळे एसटीचा प्रवास आणि लग्नं सुटली होती. कानामुळे कट्टा सुटला, कारण बोलणं ऐकू येत नाही आणि सारखं 'काय?' विचारायची लाज वाटते. पोटरीत गोळे येण्याच्या भीतीनं फिरणं सुटलं होतं. सुरुवात इथूनच करायची. अकरा गोष्टींवर एकदम उपाय सुरू केले की चार दिवसांत सगळे बंद पडतात.

लघवीवर काकांनी स्वतःच एक उपाय केला होता: दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब नाही. रात्रीचं उठणं कमी झालं नाही, उलट तोंडाची कोरड आणि बद्धकोष्ठ मात्र वाढलं. गरगरण्यालाही हे कमी पाणी कारण असू शकतं. म्हणजे अकरांतल्या निदान दोन-तीन तक्रारी या उपायानंच वाढवलेल्या.

त्यांना तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. खुणा असलेला प्लास्टिकचा मग वेगळा ठेवायचा, दर वेळी किती मिलिलिटर लघवी झाली आणि किती वाजता, ते लिहायचं. जन्मभर कालव्याच्या पाण्याचं मोजमाप केलेल्या माणसानं ही वही फार नेटकी ठेवली. २४ तासांत साधारण १५०० मिली. त्यापैकी रात्री झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत तीन वेळा मिळून ५७० आणि उठल्यावरची पहिली २००, एकूण ७७०. सकाळची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरायची. बरेचजण इथंच चुकतात. पासष्टीनंतर एकूण लघवीच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त रात्री होत असेल, तर ती रात्री जास्त तयार होते आहे असं समजतात. काकांची निम्म्याहून अधिक होती. याउलट दर वेळी जेमतेम ७०-८० मिली होत असती, धार बारीक असती, थांबून थांबून येत असती, तर प्रोस्टेटकडे किंवा मूत्राशयाकडे आधी पाहावं लागलं असतं. नुसतं 'रात्री खूपदा जातो' एवढ्या सांगण्यावरून हा फरक कुणालाच कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्यावी, पाच मिनिटांची भेट सत्कारणी लागते.

रात्री जास्त का तयार होते? झोपेत लघवी कमी करणारं संप्रेरक तरुणपणी रात्री वाढतं. वयानुसार ही वाढ कमी होते. दुसरं कारण घोट्यांवर दिसत होतं. संध्याकाळी काकांच्या मोज्यांचे वळ पायावर खोल उमटायचे. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पायांत पाणी साठतं, आडवं झाल्यावर तेच रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. चारनंतर पाणी तोडून उपयोग झाला नाही तो यामुळे. रात्रीचं पाणी दिवसाच पायात जमा झालेलं होतं.

औषधांच्या गोळ्यांचे पुडे मागवून घेतले. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन होती, तिच्यानं काहींच्या घोट्यांवर सूज येते. शिवाय लघवी वाढवणारी एक गोळी, आणि ती विसरायला नको म्हणून काका रात्री जेवणानंतर घेत होते. गोळी बंद करणं किंवा तिची वेळ बदलणं हे समुपदेशकाचं काम नाही, घरच्यांनीही परस्पर करू नये. कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. डॉक्टरांनी साखर, मूत्रपिंड आणि हृदय तपासून घेतलं आणि ती गोळी सकाळी घ्यायला सांगितली. रात्री मोठ्यानं घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं हेही रात्रीच्या लघवीचं कारण असतं; ते काकूंना विचारून घेतलं, तसं काही नव्हतं.

बाकीचा बदल दिवसाच्या वेळापत्रकात केला. दिवसाचं दीड लिटर पाणी संध्याकाळी सहाच्या आत प्यायचं. शेवटचा चहा चार वाजता. साडेचार ते साडेपाच खाटेवर आडवं पडून पोटऱ्यांखाली दोन उशा, पाय छातीच्या पातळीला. उठलं की लघवीला जाऊन यायचं आणि मग फिरायला. पायातलं पाणी झोपण्याआधीच निघून जातं. रात्रीची पातळ आमटी आणि ताक दुपारच्या जेवणात घेतलं, कारण ताटातलं पाणी कुणी मोजत नाही. पापड-लोणचं कमी केलं, मीठ पाणी धरून ठेवतं. हळदीचं दूध अर्धा कप, तेही झोपण्याआधी दोन तास.

तीन आठवड्यांनी काका एकदा, क्वचित दोनदा उठू लागले. एकदाही उठावं लागू नये, हे ध्येय मात्र ठेवू नका. सत्तरीत एकदा उठणं सर्वसाधारण आहे, आणि शून्याच्या मागे लागलं की पुन्हा पाणी तोडणं सुरू होतं. त्या एका वेळेसाठी खाटेच्या काठावर मिनिटभर बसून मग उठायचं, वाटेत मंद दिवा, पायाखाली सुटं पायपुसणं नको. गरगरण्यासाठी रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजून घ्यावा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना सांगावं. लघवीत रक्त दिसलं तर थांबू नये, एकदाच दिसलं असलं तरीही. लघवी अजिबात होत नसेल तर त्याच दिवशी जावं. आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत, काहींनी लघवी अडते.

कानाचं काम सोपं निघालं. काका आंघोळीनंतर कानात काडी घालत, कधी स्कूटरची किल्ली. वयानुसार कानातला मळ कोरडा होतो, आपणहून बाहेर सरकत नाही. काडीनं तो आत ठासला जातो आणि पाणी गेलं की फुगतो. खोलीच्या तापमानाच्या ऑलिव्ह तेलाचे २-३ थेंब, दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून साफ करून घेणं. कानाचा पडदा फाटलेला असेल, कान वाहत असेल, तर तेल अजिबात नको. लसूण घालून कडवलेलं तेल तर कुणाच्याच कानात नको, भाजतं. एका कानानं अचानक, तासाभरात किंवा दिवसभरात ऐकू येईनासं झालं तर मळ समजून बसू नका. एक-दोन दिवसांत तज्ज्ञांकडे पोचायला हवं, उपचाराची वेळ थोडी असते.

पोटरीच्या गोळ्यांसाठी झोपण्याआधी भिंतीला हात टेकून उभं राहायचं, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला; ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. गोळा आलाच तर पायाची बोटं आपल्याकडे ओढायची. या वयात पोटरीत येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमच्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही, पैसे वाचवा. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर कमी होत असेल तर तो रक्तवाहिनीचा प्रश्न असू शकतो. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर.

खाजेला पौष-माघातली कोरडी हवा आणि कडकडीत पाण्याची आंघोळ कारण होती. कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आत, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल. तेल न्हाणीघराबाहेर स्टुलावर बसून लावायचं आणि तळवे पुसून मगच उभं राहायचं. तेलकट तळव्यांनी ओल्या फरशीवर घसरणं खाजेपेक्षा कितीतरी महाग पडतं.

काका पुतणीच्या लग्नाला गेले. निघण्याआधी लघवी, वाटेकडेची सीट, गाडी कुठं थांबते याची आधी चौकशी, आणि पाणी घोट घोट चालू. नखं आणि गुडघे यांची पाळी पुढच्या महिन्यात.

त्या भेटीत काकूंनी पर्समधून स्वतःचा कागद काढला. चारच रकाने आणि एकच ओळ: खोकताना, शिंकताना लघवी थेंब थेंब सुटते, नऊ वर्षांपासून, भजनी मंडळ सोडलं. काकांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. काकूंना श्रोणीचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. वात आणि लघवी एकदम रोखल्यासारखे स्नायू आत-वर ओढायचे, पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. जमेल तसे ५ ते १० सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. असे किमान ८, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच रोखून हा व्यायाम करू नये. स्नायू बरोबर ओढले जातात का हे स्त्री फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेण्यासाठी मंगळवारची वेळ त्यांनी तिथंच ठरवली.