काळजी वाटणे म्हणजे अविश्वास का?

प्रश्न : माझ्या पतींना गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू अजून लुळी आहे आणि बोलणे अडखळते. मुलगा नोकरीसाठी परगावी असल्यामुळे रात्रंदिवस मीच त्यांच्याजवळ असते. पुन्हा झटका येईल या भीतीने मला झोप लागत नाही. प्रार्थनासभेत हे बोलून दाखवले, तेव्हा एका भगिनीने ‘नकारात्मक बोलू नका, विश्वास असेल तर चिंता उरत नाही’ असे सांगितले. तेव्हापासून काळजीच्या जोडीला अपराधीपणही छळते आहे. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
— एक वाचक, वडगाव शेरी, पुणे

उत्तर : ताई, त्या भगिनीचा हेतू चांगलाच असेल; परंतु तिचा सल्ला पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, आधारावर टिकत नाही, असे मला वाटते. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन प्रेषित पौलाने बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहिले, तेही बंदिवासात असताना. मात्र त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता आणि तो वाचला नसता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळले असते, हेही तो लपवत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तर सर्व मंडळ्यांची (ख्रिस्ती समुदायांची) चिंता आपल्याला रोज ग्रासते, असे तो उघडपणे सांगतो. चिंता मनात येणे हा पौलाच्या लेखी अविश्वास नव्हता; ती देवापुढे नेमकेपणाने मांडावी, एवढेच तो सांगतो. तेव्हा ‘प्रभू, मला दुसऱ्या झटक्याची भीती वाटते’ ही प्रार्थना ‘सगळे छान होईल’ या वाक्यापेक्षा कमी विश्वासाची नाही. स्तोत्र 88 तर अगदी शेवटपर्यंत अंधाराचेच आहे, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

सकारात्मक विचारांविषयी थोडे अधिक बोलायला हवे. मनात काय घोळवावे याची जी यादी पौल त्याच चौथ्या अध्यायात देतो, तिची सुरुवात ‘जे काही सत्य’ येथून होते. आपल्या बाबतीत सत्य असे की, एकदा झटका आलेल्या माणसाला पुन्हा झटका येण्याचा धोका असतो, आणि रक्तदाबावर नियंत्रण ठेवून व डॉक्टरांनी दिलेली औषधे न चुकवता तो बराच कमी करता येतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, हातातील बळ अचानक जाणे आणि बोलणे तुटणे ही त्याची मुख्य लक्षणे. आपल्या पतींमध्ये यांपैकी काही आधीपासूनच असल्याने, नेहमीपेक्षा काय वेगळे दिसले तर धावायचे हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि प्रत्येकालाच ते चालते असे नाही, म्हणून 108 ला फोन करण्यास उशीर करू नये. रात्रीही सीटी स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि नगर रस्त्याची गर्दी धरून तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे आजच ठरवून कागदावर लिहून ठेवा. अशी तयारी करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे.

आता आपल्या झोपेविषयी. पहिले राजे, अध्याय 19 मध्ये एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला विश्वासावर प्रवचन देत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवून, वाट फार लांबची आहे म्हणून आणखी खायला लावतो. आपली वाटही लांबची आहे. म्हणून पाळकांना भेटून मोघमपणे ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ असे न म्हणता, आठवड्यातून दोन रात्री घरी थांबणारे कोणी हवे, असे स्पष्ट सांगा. (मंडळीत मदतीची इच्छा पुष्कळांना असते, काय करायचे हेच बहुतेकांना कळत नाही.) मुलालाही दूर असल्याची सबब देऊ नका; रात्रीच्या परिचारकाचा खर्च आणि औषधांचा हिशेब त्याला तेथून सांभाळता येईल.

एवढे करूनही झोप परतली नाही, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. आणि त्या भगिनीवर राग धरू नका. तिलाच एखाद्या दुपारी पतींजवळ दोन तास बसण्याची विनंती करून पाहा.