अमेरिकन ट्रकला लांब नाक आणि युरोपीय ट्रकला सपाट तोंड कशामुळे?

अमेरिकेतील मोठ्या ट्रकांना पुढे लांबलचक बॉनेट असते आणि युरोपातील ट्रक समोरून भिंतीसारखे सपाट असतात, याचे कारण युरोपातील रस्ते अरुंद आहेत एवढेच का, आणि अमेरिकन ट्रक तसाच नेऊन युरोपात चालवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात व्यावसायिक वाहनांच्या चासीच्या आरेखनाचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न कामाच्या ठिकाणीही अधूनमधून निघतो. अरुंद रस्त्यांचे कारण खोटे नाही, पण माझ्या मते त्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान आहे. खरा फरक लांबी मोजण्याच्या पद्धतीत आहे. युरोपात कायदा सबंध गाडी मोजतो. अमेरिकेतील प्रमुख महामार्गांवर तो फक्त ट्रेलर मोजतो.

युरोपापासून सुरुवात करतो. युरोपीय संघाच्या 1996 च्या निर्देशानुसार ट्रॅक्टर (शेतीचा नव्हे, ट्रेलर ओढणारा) आणि सेमी-ट्रेलर (पुढचा भार ट्रॅक्टरवर टेकवणारा ट्रेलर) मिळून गाडीची लांबी 16.50 मीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ट्रेलर ज्या खिळीने ट्रॅक्टरला अडकतो त्या किंगपिनपासून ट्रेलरच्या मागच्या टोकापर्यंत 12 मीटरपेक्षा अधिक अंतर चालत नाही. या चौकटीतून 13.6 मीटरचा ट्रेलर रूढ झाला, ज्यात 33 युरो-पॅलेट (माल रचायचे ठरावीक मापाचे लाकडी पाट) बसतात आणि ज्याच्या हिशेबाने तिथला माल पाठवणारा भाडे ठरवतो. आता 16.50 मधून 13.6 वजा केले की 2.9 मीटर उरतात. एवढ्या जागेत चालकाचे आसन, त्यामागची झोपण्याची जागा आणि वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या पाठीला घासू नये म्हणून सोडलेली मोकळी फट, हे सगळे बसवायचे असते. इंजिनला पुढे जागा उरतच नाही. ते केबिनखाली जाते आणि चालक त्याच्यावर बसतो. एखाद्या मालकाने हौसेने मीटरभर बॉनेट हवे म्हटले, तर ट्रेलर मीटरभर आखूड करावा लागेल, म्हणजे दर फेरीला दोन-तीन पॅलेटांच्या भाड्यावर पाणी सोडावे लागेल. अशी हौस कोणाला परवडते?

अमेरिकेत 1982 साली संसदेने भूपृष्ठ वाहतुकीचा जो कायदा केला, त्यात इंटरस्टेट (राज्याराज्यांना जोडणारे मोठे महामार्ग) आणि इतर ठरावीक महामार्गांवर ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण लांबीवर बंधन घालण्याचा राज्यांचा अधिकार काढून घेण्यात आला आणि किमान 48 फुटांचा ट्रेलर चालू देणे राज्यांवर बंधनकारक झाले. पुढे 53 फुटी ट्रेलर सर्वत्र रुळला. 53 फूट म्हणजे 16.15 मीटर, अर्थात युरोपातील अख्ख्या गाडीच्या लांबीएवढा तिथला नुसता ट्रेलर. त्याच्या पुढे ट्रॅक्टर किती लांब असावा याची चौकशी कायदा करत नाही, म्हणून बॉनेट, केबिन आणि मागे खोलीएवढा स्लीपर (झोपण्याचा कप्पा) असा प्रशस्त कारभार तिथे शक्य होतो.

हे अनुमान नाही, कारण अमेरिकेच्याच इतिहासात त्याचा पुरावा आहे. 1982 पूर्वी अनेक राज्यांत एकूण लांबीवर मर्यादा होती, आणि त्या काळात अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या वाहतुकीत सपाट तोंडाचे ट्रक भरपूर होते. फ्रेटलायनर, केनवर्थ, पीटरबिल्ट, मॅक या सगळ्या कंपन्यांचे असे नमुने होते. रस्ते तेव्हाही तेवढेच रुंद होते. नियम बदलल्यावर मात्र मालक बॉनेटवाल्या गाड्यांकडे वळले आणि फ्रेटलायनरने आर्गोसी हा आपला सपाट तोंडाचा मोठा ट्रक 2006 साली उत्तर अमेरिकेत विकणे बंद केले. गंमत म्हणजे त्याच सुमारास, 2005 मध्ये, स्वीडनच्या स्कॅनियाने आपला बॉनेटवाला 'टी' प्रकार बंद केला. दोन्हीकडे उरलेसुरले अपवादही असे एका वर्षाच्या अंतराने संपले.

एकाच देशात दोन्ही प्रकार पाहायचे असतील तर ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्यावे. तिथे दोन ट्रेलरांच्या बी-डबल गाडीला एकूण लांबीची मर्यादा आहे, म्हणून तिथे सपाट तोंडाच्या ट्रकांना मागणी असते. आतल्या ओसाड भागात तीन-तीन ट्रेलर ओढणाऱ्या रोड ट्रेनना तशी ओढाताण नसते, आणि तिथे बॉनेटवाले ट्रक दिसतात.

तोंडाइतकाच महत्त्वाचा, पण सहसा कोणाच्या लक्षात न येणारा फरक चाकांच्या मांडणीत आहे. दोन्हीकडच्या नेहमीच्या गाडीला पाचच ॲक्सल (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारे आस) असतात. अमेरिकेत त्यांपैकी तीन ट्रॅक्टरला आणि दोन ट्रेलरला, तर युरोपात दोन ट्रॅक्टरला आणि तीन ट्रेलरला. अमेरिकेत इंटरस्टेटवर एका ॲक्सलवर 20,000 पौंड (सुमारे 9 टन), जोडीने लावलेल्या दोन ॲक्सलांवर 34,000 पौंड आणि एकूण 80,000 पौंड (सुमारे 36.3 टन) ही मर्यादा आहे. पुढच्या ॲक्सलवर 12,000, ट्रॅक्टरच्या मागच्या जोडीवर 34,000 आणि ट्रेलरच्या जोडीवर 34,000 धरले की बेरीज बरोबर 80,000 होते. अमेरिकन ट्रकची सगळी बांधणी या बेरजेभोवती झालेली आहे. युरोपात गाडी ओढणाऱ्या एका ॲक्सलवर 11.5 टन चालतात, त्यामुळे दोन ॲक्सलांचा आखूड ट्रॅक्टर पुरतो, आणि ट्रेलरखाली एकेरी रुंद टायरांचे तीन ॲक्सल लावून 40 टनांची गाडी उभी राहते. काही देशांत ही मर्यादा याहून जास्त आहे.

अमेरिकेत याच्या जोडीला पुलांचे सूत्र आहे, जे 1970 च्या दशकाच्या मध्यापासून लागू आहे. तेच वजन आखूड गाडीत एकवटले तर पुलाच्या गाळ्यावर जास्त ताण येतो, म्हणून पाच ॲक्सलांच्या गाडीला पूर्ण 80,000 पौंड हवे असतील तर पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमध्ये सुमारे 51 फूट अंतर असावे लागते. म्हणजे युरोपचा कायदा ट्रॅक्टरला आखूड व्हायला लावतो आणि अमेरिकेचा कायदा चाके लांब पसरणाऱ्याला जास्त वजन देतो. या हिशेबाचा रोजचा भाग चालकाच्या हातात असतो. काट्यावर वजन केल्यावर ट्रेलरच्या जोडीवर भार जास्त निघाला, तर तो खाली उतरून ट्रेलरच्या चासीत चाकांची जोडी जागी धरून ठेवणाऱ्या पिना ओढतो, ट्रेलरचा ब्रेक लावून ठेवतो आणि गाडी थोडी पुढे-मागे घेतो; ट्रेलर आपल्याच चाकांवरून सरकतो, पिना पुढच्या किंवा मागच्या भोकात बसतात आणि भार ट्रॅक्टर व ट्रेलरमध्ये नव्याने वाटला जातो.

आता अरुंद रस्त्यांकडे येतो. त्यांचा खरा संबंध वळण्याशी आहे. युरोपीय नियमानुसार गाडीला 12.5 मीटर बाहेरील आणि 5.3 मीटर आतील त्रिज्येच्या वर्तुळाकार पट्ट्यातून वळता आले पाहिजे, आणि तिथली जुनी शहरे पाहता हा नियम रास्त आहे. सपाट तोंडामुळे समोरचा पादचारी किंवा सायकलस्वार जवळून दिसतो, हाही फायदा आहे. म्हणूनच अमेरिकन शहरांत कचरा उचलणाऱ्या गाड्या आजही बहुधा सपाट तोंडाच्याच असतात.

चालकाच्या बाजूने पाहिले तर बॉनेटवाली गाडी सुखाची, असे माझे मत आहे. त्यात तो पुढच्या ॲक्सलच्या मागे बसतो, तर सपाट तोंडाच्या गाडीत जवळजवळ चाकावरच, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट आसनापर्यंत पोहोचतो. दुरुस्तीतही फरक पडतो. बॉनेट पुढे कलंडले की मेकॅनिक चाक आणि इंजिन यांच्यामध्ये उभा राहून काम करतो. युरोपीय ट्रकमध्ये मात्र अख्खी केबिन पुढे झुकवावी लागते, आणि आतली पाण्याची बाटली, भांडी, कपडे आधी काढून घेतले नाहीत तर सगळे काचेवर येऊन पडते. आधुनिक युरोपीय केबिनांनी हे दोष बरेच कमी केले आहेत, तरी ते पूर्ण गेलेले नाहीत.

वेगाचाही वाटा आहे. युरोपात जड ट्रकांना 90 किलोमीटरवर मर्यादा घालणारे यंत्र सक्तीचे आहे, तर अमेरिकेतील अनेक राज्यांत ट्रकही ताशी 70 मैल (सुमारे 112 किलोमीटर) वेगाने जाऊ शकतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तिथे निमुळत्या नाकाची किंमत इंधनात वसूल होते.

ही कंपन्यांच्या कौशल्यातली तफावत मुळीच नाही. फ्रेटलायनर आणि मर्सिडीजचे ट्रक दोन्ही डाइमलर ट्रक या कंपनीचे, मॅक हा व्होल्वोचा, आणि अमेरिकेतील डेट्रॉइट डीडी13 व युरोपातील मर्सिडीज ओएम 471 ही इंजिने एकाच घराण्यातली. युरोपनेही 2015 साली निर्देशात दुरुस्ती करून, मालाची जागा न वाढवता आणि वळण्याचा नियम कायम ठेवून, केबिनचे तोंड थोडे पुढे नेण्याची वाट मोकळी केली. त्याचा लाभ घेऊन नेदरलँड्सच्या डॅफ कंपनीने 2021 साली जी नवी मालिका आणली, तिचे तोंड 16 सेंटिमीटर पुढे आले आहे. बॉनेट म्हणावे असे त्यात काही नाही.

राहिला आपला दुसरा प्रश्न. 16.50 मधून किंगपिनमागचे 12 मीटर वजा केले तर किंगपिनच्या पुढे 4.5 मीटर मिळतात, आणि लांब स्लीपर असलेल्या अमेरिकन ट्रॅक्टरची केबिन तेवढ्यात संपतही नाही. त्यामुळे 13.6 मीटरच्या ट्रेलरसह तो युरोपात नियमात बसणार नाही, आणि 53 फुटी ट्रेलरचा तर विचारच नको. उत्सर्जन, दिवे आणि बाजूचे संरक्षक कठडे यांचे युरोपीय निकष पूर्ण करावे लागतील ते वेगळेच. एवढे केल्यावर आखूड ट्रेलर जोडला तर मात्र लांबीची हरकत येत नाही. टँकरमधून जाणाऱ्या मालात जागा संपण्याआधी वजनाची मर्यादा गाठली जाते, त्यामुळे तिथे ट्रेलर आखूड असल्याने भाड्याचे फारसे नुकसान होत नाही; युरोपात बॉनेटवाल्या ट्रॅक्टरने धंदा करायचाच असेल तर त्याला जागा आहे ती अशाच मालात.