उत्तरकुरूंच्या देशात निवड कोणाची?

प्रश्न : उत्तरकुरूंच्या, म्हणजे उत्तरेकडच्या पुराणकथेतील लोकांच्या, देशातील स्त्रिया कोणाच्याही बंधनात नसत आणि आपल्याकडे श्वेतकेतूने विवाहाची मर्यादा घातल्यावर ही मोकळीक संपली, असे महाभारताच्या आदिपर्वात सांगितले आहे. त्या कल्पित समाजात व्यक्तीला खरोखर निवडीचा अधिकार होता, असे मानावे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हे वर्णन कोण, कोणाला आणि कशासाठी ऐकवत आहे, ते आधी पाहावे लागते. शापामुळे अपत्यप्राप्ती अशक्य झालेला पांडू कुंतीला नियोगासाठी, म्हणजे दुसऱ्यापासून पतीसाठी अपत्य मिळवण्यास, राजी करू पाहतो. ती राजा व्युषिताश्व आणि मृत पतीपासूनच पुत्र मिळवणारी त्याची पत्नी भद्रा यांची कथा सांगून नकार देते, तेव्हा तो पूर्वीच्या मुक्त स्त्रियांचा दाखला काढतो आणि ती रीत उत्तरकुरूंमध्ये अजूनही मानली जाते, असे सांगतो. पत्नीने आपले ऐकावे म्हणून पतीने स्त्रीस्वातंत्र्याचे गोडवे गावेत, हे गमतीचेच आहे.

श्वेतकेतूच्या कथेत एक ब्राह्मण श्वेतकेतूचा पिता उद्दालक याच्यासमोरच त्याच्या पत्नीचा हात धरून ‘चल’ म्हणतो. आईला जणू बळाने नेले जात असल्याचे पाहून श्वेतकेतू संतापतो, तर हा सनातन धर्मच आहे, रागावू नकोस, अशी उद्दालक त्याची समजूत घालतो. या प्रसंगात तिन्ही पुरुषांचे मत कळते. आई मात्र एक शब्दही बोलत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी अशा कथांतून प्राचीन विवाहरीतींचा माग काढला, परंतु रीत सापडली म्हणून तिच्यात वावरणाऱ्या स्त्रीची इच्छा सापडतेच असे नाही, आणि जिथे नकाराची सोय दिसत नाही त्या रीतीला स्वातंत्र्य म्हणण्यास मी तरी धजणार नाही. श्वेतकेतूची मर्यादा पतिव्रतेला डावलणाऱ्या पुरुषालाही पातकी ठरवते, हे मान्य केले पाहिजे. मात्र पतीने अपत्यासाठी नियुक्त केल्यावर जी स्त्री ऐकणार नाही तिलाही तेच पाप लागेल, असे त्याच मर्यादेत सांगितले आहे, आणि पांडूला नेमके तेवढेच हवे होते.

निवड दिसते ती कुंतीच्या वागण्यात. तीन पुत्र झाल्यावरही पांडू आणखी मागतो, तेव्हा आपत्काळातसुद्धा चौथ्या प्रसवाला धर्माची संमती नाही, असे सांगून ती त्याला थांबवते. (कर्ण धरला तर चार पुत्र तिला झालेच होते, पण ते तिने मनातच ठेवले.) पुढे पांडूची दुसरी पत्नी माद्री हिच्यासाठी देवाला बोलावण्याचा आपला मंत्र पुन्हा वापरण्यासही ती नकार देते आणि एकाच आवाहनात दोन पुत्र मिळवून माद्रीने आपल्याला फसवले, असे कारण पतीला स्पष्ट ऐकवते.