मेगर चांगला आला म्हणजे जनरेटर ठीक, असं समजायचं का?

तुम्ही विचारलंय: "आयटीआय इलेक्ट्रिशियन झालोय, औष्णिक वीजकेंद्रात अप्रेंटिस म्हणून रुजू होतोय. तिथल्या मोठ्या जनरेटरची दुरुस्ती आणि टेस्टिंग नेमकं कसं करतात? मेगर चांगला आला की मशीन चालू करतात असं ऐकलं, ते खरं का?"

नाही, तसं नसतं. मेगर म्हणजे वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं उपकरण, आणि त्याच्या रीडिंगलाही आम्ही मेगरच म्हणतो. मेगर चांगला आला याचा अर्थ एवढाच, की पुढच्या टेस्ट करायला हरकत नाही. मी २३ वर्षं जनरेटर मेंटेनन्समध्ये काढली आहेत, आणि ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे मशीन पूर्ण उघडून करतात त्या दुरुस्तीत, सगळ्यात जास्त वाद याच एका आकड्यावरून झालेले पाहिलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मशीनचा अंदाज घ्या. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेला २१० मेगॅवॅटचा सेट घेतला, तर त्याचा जनरेटर १५.७५ केव्हीचा असतो, फुल लोडला स्टेटरमधून, म्हणजे स्थिर भागातून, ९,०५० अँपिअर जातात आणि चाळीस टनांहून जड रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, मिनिटाला ३,००० वेळा फिरतो. ५०० मेगॅवॅटला व्होल्टेज २१ केव्ही. स्टेटरच्या स्लॉटमध्ये तांब्याचे बार बसवलेले असतात आणि त्यांच्यावर अभ्रक आणि इपॉक्सीचं वेष्टन असतं, जाडी फक्त काही मिलिमीटर. १५.७५ केव्हीच्या मशीनमध्ये चालू स्थितीत बार आणि लोखंडी कोअर यांच्यामध्ये ९ हजार व्होल्ट उभे असतात, आणि मध्ये आहे ते एवढंच वेष्टन. आमच्या सगळ्या टेस्टिंगचा जीव त्या मिलिमीटरमध्ये अडकलेला असतो.

मशीन उघडण्याआधी आतला हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. हायड्रोजन भरतात तो थंडाव्यासाठी. हवेच्या जवळपास सातपट चांगली उष्णता वाहून नेतो आणि हलका असल्यामुळे घर्षणही कमी. पण हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला की तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे हायड्रोजनच्या जागी थेट हवा कधीच सोडत नाहीत. आधी कार्बन डायऑक्साइड भरून हायड्रोजन हाकलायचा, मग हवेने कार्बन डायऑक्साइड हाकलायचा. भरतानाही उलट क्रमाने हेच. आत कुणी उतरायच्या आधी गॅस तपासायचा, आणि तो तपासल्याचं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. कुणी "झालंय" म्हणालं म्हणून आत जायचं नाही.

आता मेगर. तिन्ही फेज जिथे एकत्र जोडलेल्या असतात त्या न्यूट्रलच्या लिंक काढून फेज वेगळ्या करतात. एका फेजवर ५,००० व्होल्ट डीसी द्यायचे, बाकी दोन अर्थ करायच्या, आणि १ मिनिटाचं व १० मिनिटांचं रीडिंग लिहायचं. दहाव्या मिनिटाच्या आकड्याला पहिल्या मिनिटाच्या आकड्याने भागलं की जो येतो तो पोलरायझेशन इंडेक्स, आमच्या भाषेत पी.आय. इन्सुलेशन कोरडं असेल तर त्याच्यात शिरणारा करंट हळूहळू कमी होत जातो, म्हणून आकडा चढत राहतो. ओल किंवा घाण असेल तर गळतीचाच करंट एवढा मोठा असतो की आकडा जागचा हलत नाही. अशा वाइंडिंगला पी.आय. किमान २ हवा आणि इन्सुलेशन ४० अंश सेल्सिअसच्या हिशोबाने किमान १०० मेगओहम हवं, असा मान्य नियम आहे. हा "४० अंशांच्या हिशोबाने" तुकडा लोक विसरतात. ढोबळमानाने तापमान १० अंश वाढलं की रीडिंग निम्मं होतं. सकाळी गार मशीनवर घेतलेला मेगर आणि हीटर लावल्यावर दुपारी घेतलेला मेगर शेजारी मांडून कुणी "इन्सुलेशन पडलं" म्हणायला लागला, तर आधी विचारा, वाइंडिंगचं टेंपरेचर लिहिलंय का?

एक प्रसंग सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात विजेची मागणी उतरते, म्हणून मोठे ओव्हरहॉल बहुतेक त्याच दिवसांत लागतात. म्हणजे मशीन उघडं आणि बाहेर श्रावणझड. असंच एक जुनं मशीन होतं, स्टेटरचे बार पाण्याने थंड न करणारं. दोन फेज छान आल्या: १ मिनिटाला १,८००, १० मिनिटांनी ४,९०० मेगओहम. तिसरी फेज ६० आणि ७०. पी.आय. १.२ सुद्धा नाही. वाइंडिंग गेलं, बार बदलावा लागणार, अशी चर्चा संध्याकाळपर्यंत वरपर्यंत पोचलीही. आमच्या सेक्शनमध्ये एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते काही न बोलता टॉर्च घेऊन मशीनखाली, टर्मिनल बुशिंगपाशी गेले, म्हणजे वाइंडिंगची टोकं जिथून बाहेर येतात त्या पोर्सिलेनच्या इन्सुलेटरपाशी. पोर्सिलेनवर सील ऑइलचा (शाफ्टपाशी हायड्रोजन अडवणाऱ्या तेलाचा) पातळ थर, त्यावर धूळ, आणि त्या धुळीला हवेतली ओल लागलेली. काकांनी उघडी तांब्याची तार घेतली, पोर्सिलेनभोवती दोन वेढे दिले आणि ती मेगरच्या गार्ड टर्मिनलला जोडायला लावली. गार्डला जोडल्यावर पृष्ठभागावरून वाहणारा करंट मीटरच्या मोजणीत येतच नाही. पुन्हा मेगर लावला, तर पहिल्याच मिनिटाला ११०० च्या वर. वाइंडिंग निर्दोष होतं, गळती बुशिंगच्या अंगावरून होत होती. पुसून, रात्रभर हीटर लावून सकाळी घेतलं तेव्हा १,५०० आणि ४,१०० आले. त्या दिवशी गार्ड टर्मिनल कशासाठी असतं ते मला कळलं. तोवर मी ते फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलं होतं.

मेगर झाल्यावरचं काम मेगरपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण इथे माणसांचे जीव जातात. एवढं मोठं वाइंडिंग कपॅसिटरसारखं चार्ज होतं. डिस्चार्ज रॉड लावल्यावर जो 'चट्' आवाज येतो तो ऐकून सगळे निर्धास्त होतात आणि अर्थिंग काढतात. मग आत मुरलेला चार्ज पुन्हा वर येतो. जितका वेळ व्होल्टेज दिलं त्याच्या किमान चौपट वेळ अर्थ करून ठेवायचं. १० मिनिटांची टेस्ट असेल तर ४० मिनिटं. घाई आहे, शिफ्ट संपतेय, चहा आलाय, काहीही असो, ४० मिनिटं म्हणजे ४० मिनिटं.

आता मेगरला काय दिसत नाही ते बघा. ढिलेपणा दिसत नाही. बार स्लॉटमध्ये घट्ट राहावेत म्हणून वरून वेज, म्हणजे पाचरी, ठोकलेल्या असतात. चालू मशीनमध्ये बारवर सेकंदाला १०० वेळा धक्के बसतात, आणि वर्षांनी वेज सैल पडतात. ते तपासायला आजही छोटी हातोडी लागते. एका हाताने वेजवर टिचकी मारल्यासारखा ठोका द्यायचा, दुसऱ्या हाताची बोटं त्याच वेजच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. घट्ट वेज 'टक्' असा भरीव आवाज देते आणि बोटांना काही लागत नाही. सैल वेज पोकळ बोलते आणि बोटाखाली थरथरते. यासाठी उपकरणंही निघालीत, पण हात तयार झालेला माणूस एका दिवसात स्टेटरचा अख्खा नकाशा भरतो: कोणत्या स्लॉटची कोणती वेज सैल, कोणती अर्धवट. शेजारशेजारच्या बऱ्याच सैल निघाल्या तर तो पूर्ण स्लॉट री-वेज करायचा.

दोन्ही टोकांना बार वळून बाहेर आलेले असतात, तो ओव्हरहँग. तिथे दोऱ्या आणि ठोकळ्यांच्या सांध्यांवर पांढरी भुकटी दिसली, तर बार एकमेकांवर घासताहेत असं समजा. सील ऑइल आत आलं असेल तर तीच भुकटी मलमासारखी चिकट होते आणि पटकन लक्षात येत नाही, लोक साधं तेल समजून पुसून टाकतात. पुसण्याआधी फोटो काढा, कुठल्या स्लॉटपाशी ते लिहा. मी पी.आय. ३ च्या वर असलेल्या मशीनमध्ये अशी भुकटी बोटाने खरवडून काढली आहे. मेगरच्या कागदावर ते मशीन उत्तम होतं.

कोअरचंही तसंच. कोअर म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, वार्निश लावलेले पत्रे एकावर एक दाबलेले. रोटर काढताना धक्का लागून दोन-चार पत्रे एकमेकांना चिकटले, तर तिथे करंट फिरतो, जागा तापते, आणि शेवटी वरचा बार जळतो. हे शोधायला एल्सिड टेस्ट करतात: कोअरभोवती तात्पुरते वेढे घेऊन नेहमीच्या फक्त ४ टक्के चुंबकीय फ्लक्स द्यायचा आणि आतून कॉइल सरकवत नेत करंट मोजायचा. १०० मिलिअँपिअरच्या वर काही दिसलं तर तिथे थांबून बघायचं. दोष वरवरचा असेल तर पातळ पात्याने पत्रे हलकेच सुटे करून मध्ये अभ्रकाची चकती आणि इपॉक्सी सारतात. हे काम घड्याळजीच्या हाताचं आहे, जोर लावला की दोष वाढतो.

स्टेटरचा बार खरोखर गेला तर दुरुस्ती जागेवरच करावी लागते. स्लॉटमध्ये दोन बार असतात, वरचा आणि खालचा. वरचा गेला असेल तर नशीब म्हणायचं. खालचा गेला तर त्याच्यापर्यंत पोचायला वरचे कितीतरी चांगले बार उचलावे लागतात. नवीन बार बसवायच्या आधी हाय व्होल्टेजवर तपासतात, स्लॉटमध्ये बसवल्यावर थोड्या कमी व्होल्टेजवर, जोडणी आणि टेपिंग झाल्यावर त्याहून कमी. पायरीपायरीने व्होल्टेज उतरवत नेतात, म्हणजे दोष असेल तर तो हाताशी असतानाच सापडतो. चांदीच्या ब्रेझिंगचे सांधे झाले की तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मायक्रोओहममध्ये मोजून, तापमानाची दुरुस्ती करून, जुन्या नोंदीशी ताडून बघायचा. एक सांधा कच्चा राहिला तर मेगर त्याबद्दल अवाक्षर बोलणार नाही, आणि ९ हजार अँपिअरला तो सांधा वितळेल.

आतल्या शिस्तीबद्दल. बोअरमध्ये, म्हणजे स्टेटरच्या आतल्या पोकळीत, जाणाऱ्याने खिसे रिकामे करायचे, अंगठी, घड्याळ, पेन बाहेर, बुटांवर कापडी कव्हर, आणि दारावरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक हत्यार लिहून आत न्यायचं. एकदा संध्याकाळी मोजदादीत एक छोटा सॉकेट कमी भरला. रोटर दुसऱ्या दिवशी आत जायचा होता. रात्री साडेतीनपर्यंत आम्ही आठ जण आरसे आणि टॉर्च घेऊन स्लॉट-स्लॉट शोधत होतो. शेवटी तो पुसायच्या कापडाच्या घडीत सापडला. ती रात्र वाया गेली असं मला आजही वाटत नाही. सुटं लोखंड आत राहिलं तर चुंबकीय क्षेत्रात ते भोवऱ्यासारखं फिरतं आणि बारचं इन्सुलेशन कोरून काढतं.

रोटरच्या बाबतीत मुख्य चिंता वेढे आपसात शॉर्ट होण्याची. त्यासाठी आर.एस.ओ. करतात: वाइंडिंगच्या दोन्ही टोकांकडून पल्स सोडायचे आणि परत आलेल्या दोन लहरी एकमेकींवर ठेवायच्या. जुळल्या तर ठीक, फाटल्या तर कुठे फाटल्या त्यावरून दोषाची जागा कळते. कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रात रोटरला पोल वेगवेगळे असतात, तिथे प्रत्येक पोलवरचा व्होल्टेज ड्रॉप मोजून हेच शोधतात. रोटर पूर्ण री-वाइंड करायचा असेल तर ट्रेलरवर घालून कारखान्यात पाठवतात, कारण नंतर त्याचं बॅलन्सिंग आणि ओव्हरस्पीड टेस्ट करावी लागते आणि ती सोय साइटवर नसते.

तुम्हाला सुरुवातीला हे कुणी हातात देणार नाही. बहुधा कार्बन ब्रशपासून सुरू होईल, म्हणजे २१० मेगॅवॅटसारखा स्लिप रिंगवाला सेट असेल तर, जिथे फिरत्या रिंगांवर टेकलेल्या ब्रशमधून रोटरला करंट देतात; ५०० च्या बऱ्याच सेटना हा करंट ब्रशशिवाय देणारा ब्रशलेस एक्सायटर असतो. त्या कामाला कमी लेखू नका. ब्रशची लांबी, स्प्रिंगचा दाब, रिंगवरचा चॉकलेटी चकचकीत थर, ठिणगी, सगळं रोज बघा आणि लिहा. चालू मशीनवर ब्रश बदलताना रबर मॅटवर उभं राहायचं, एका वेळी एकच ब्रश काढायचा, आणि दोन्ही रिंगांच्या होल्डरना एकाच वेळी हात लागेल असं कधीही उभं राहायचं नाही. पहिले काही दिवस सीनिअर शेजारी असल्याशिवाय हात घालू नका.