लांबचं दिसत नाही

"सगळे म्हणतात, पाच वर्षांनंतरचं चित्र डोळ्यांसमोर आण. मला पुढचा गुरुवार दिसत नाही."

बोलणाऱ्या बाई ३१ वर्षांच्या, पीएचडीच्या प्रबंधात अडकलेल्या. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) वर्षभरापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं, त्या अवस्थेचं) निदान केलं होतं, औषध चालू होतं. औषधाने त्यांना एका जागी बसून वाचता येऊ लागलं होतं. पण आधी काय वाचायचं आणि नंतर काय, हे गोळी थोडीच सांगणार? आपल्याला मुळात दूरदृष्टीच नाही, या भीतीने त्या माझ्याकडे मदतीला आल्या होत्या.

मी प्रबंधाचा विषय विचारला. पुढची वीस मिनिटं त्या थांबल्या नाहीत. विषयाचा आवाका, आधीच्या अभ्यासकांचं काय चुकलं, पुढे काय व्हायला हवं, सगळं लख्ख. मग ओशाळून म्हणाल्या, "तिसऱ्या प्रकरणातल्या एका तळटीपेवर तीन दिवस घालवले." म्हणजे शिखर दिसत होतं, पायाखालचा खडाही दिसत होता. मधली वाट तेवढी गायब होती.

अनेक गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून त्यांचा क्रम लावायला जी कार्यकारी स्मृती लागते, ती एडीएचडीत बऱ्याचदा तोकडी पडते. त्यातच लांबच्या फळाची ओढ लवकर विरते आणि समोरचं काम, मग ते कितीही किरकोळ असो, मोठं होऊन बसतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली याला भविष्याबाबतचा लघुदृष्टीदोष म्हणतात. मला ही उपमा आवडते, कारण लघुदृष्टी असलेल्या माणसाला कोणी आळशी म्हणत नाही. (नियोजन जमत नाही म्हणजे एडीएचडीच असं मात्र नाही. नैराश्यात, चिंतेत, झोप अपुरी असतानाही हे होतं. निदान करताना लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे पाहतात.)

पहिली चूक माझीच. मी त्यांना छान आखीव डायरी करायला सांगितली. पुढच्या भेटीत त्यांनी ती टेबलावर ठेवली. पहिल्या चार पानांवर चार रंगांची शाई, पाचव्यावर कुणाचा तरी फोन नंबर, पुढे सगळी कोरी. मिटलेली डायरी त्यांच्यासाठी नसल्यातच जमा होती.

मग आम्ही कागदाची लांब पट्टी घेतली. प्रबंध जमा करायला २६ आठवडे होते, म्हणून २६ चौकोन. पेपर तपासण्याचे, प्रवासाचे, घरच्या कार्याचे आठवडे त्यांनी स्वतः काळे केले. नऊ गेले. मग उलटे मोजत आलो: शेवटचे पाच मार्गदर्शकांचं वाचन, दुरुस्त्या आणि बांधणीसाठी. दोन प्रकरणं लिहायला उरले बारा.

"एवढेच?" त्या बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिल्या. 'सहा महिने आहेत' हे वाक्य त्या कितीतरी दिवस स्वतःला ऐकवत आल्या होत्या.

चौकोनात 'प्रकरण चार' असं लिहायचं नाही, असा नियम केला. 'दुसरा तक्ता भरणे' चालेल. रविवारी संध्याकाळी एका मैत्रिणीला पंधरा मिनिटं फोन करून पुढचा चौकोन मोठ्याने वाचून दाखवायचा. मला विचाराल तर खरं काम या फोनने केलं, पट्टीने निम्मंच. भिंतीवर लावलेली ती पट्टीही तीन आठवड्यांत भिंतीचा भाग होऊन गेली, दिसेनाशी झाली. मला हे अपेक्षितच होतं. जागा बदलली, रंग बदलले, पुन्हा दिसू लागली. असं तीनदा करावं लागलं.

प्रबंध दोन आठवडे उशिरा जमा झाला. परवा त्यांचा निरोप आला: नवी पट्टी स्वयंपाकघराच्या दारावर लावली आहे, नोकरीच्या अर्जांसाठी, आणि मैत्रीण अजून रविवारी फोन उचलते.